जामीनकीची सही

प्रश्न : माझे यजमान साखर कारखान्यात फिटर आहेत. कामगार पतसंस्थेत ते एका सहकाऱ्याला जामीन राहिले. तो नोकरी सोडून गेला. आता हप्ता ह्यांच्या पगारातून कापतात. असं करता येतं का?

उत्तर : ताई, येतं. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पगारकपातीचा आधार सहकार कायद्याचं कलम ४९. मी बरीच वर्षं पतपेढीत सचिव होतो. चहाच्या सुट्टीत, ग्रीस लागलेल्या हातांनी, न वाचता केलेल्या कितीतरी सह्या पाहिल्या, अजून जीव तुटतो. आधी कर्जखात्याचा उतारा मागा. कर्जदाराचे शेअर्स, वर्गणी कर्जात वळती केलीत का, हे लेखी विचारा. कपातीची प्रत्येक पगारचिठ्ठी जपा; भरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क करार कायदा, १८७२ देतो.