घरामागचे डॉगवुड वाळत आहे; ते काढून कौसा लावावे का?

झाड काढू नका. निदान पानांवरचे डाग नेमके कोणत्या रोगाचे आहेत हे कळेपर्यंत तरी करवत लावू देऊ नका. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातील आपल्या घरामागच्या डॉगवुडच्या, म्हणजे वसंतात पांढरे फुलणाऱ्या इथल्या स्थानिक झाडाच्या, पानांवर डाग पडले आहेत, खालच्या काही फांद्या वाळल्या आहेत आणि बागकाम करणारा ठेकेदार ते तोडून कौसा डॉगवुड ही त्याची आशियाई भाऊबंद जात लावा असे सांगतो, असे आपण लिहिले आहे. हाच सल्ला आमच्या वसाहतीने ऐकला आणि त्याचा परिणाम मी रोज पाहतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या प्रवेशरस्त्यालगत उंच ओकच्या कडेने डॉगवुडची रांग होती. एप्रिलमध्ये, ओकला धड पालवीही फुटलेली नसताना, त्यांच्या आडव्या फांद्या थरावर थर पांढऱ्या होत. बोगनवेलीप्रमाणेच इथेही आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती छदे, म्हणजे फुलांभोवतीची रंगीत पाने, असतात. खरी फुले मधल्या पिवळसर हिरव्या झुबक्यात असतात. शरद ऋतूत पाने किरमिजी होत, लाल फळे पिकत आणि रॉबिन पक्ष्यांचे थवेच्या थवे उतरत. व्हर्जिनिया राज्याने १९१८ साली हे आपले राज्यपुष्प ठरवले, यात मला काहीच नवल वाटत नाही.

एका अतिशय पावसाळी वसंतात त्या झाडांच्या छदांवर आणि पानांवर बारीक जांभळट ठिपके आले. वसाहतीच्या समितीच्या ठेकेदाराने ‘अँथ्रॅक्नोज’ या बुरशीजन्य रोगाचे निदान केले आणि सगळी रांग तोडण्याचा ठराव मांडला गेला. माझे बालपण दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागेत गेले आहे; करपा, भुरी आणि डाऊनी या द्राक्षांवरच्या रोगांतला फरक वडिलांनी मला पान हातात देऊन शिकवला होता. पाने आधी काउंटीच्या (जिल्ह्याच्या) एक्सटेन्शन, म्हणजे कृषी सल्ला, कार्यालयाकडे तपासणीला पाठवावीत, एवढीच माझी मागणी होती. द्राक्षांचा अनुभव इथे लागू पडत नाही, असे उत्तर मला भर सभेत मिळाले आणि झाडे तोडली गेली. माझ्या अंगणातल्या झाडावरही तेच ठिपके होते. त्याचा अहवाल ‘स्पॉट अँथ्रॅक्नोज’ असा आला. हा रोग दिसायला वाईट असला तरी झाड मारत नाही. तो करणारी बुरशी एल्सिनोई या प्रजातीतली आहे आणि द्राक्षावर करपा आणणारी बुरशीही त्याच प्रजातीतली आहे. माझे झाड अजून फुलते आहे.

खरा घातक रोग वेगळा. तो डिस्क्युला डिस्ट्रक्टिव्हा या बुरशीमुळे होतो. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात तो अमेरिकेत प्रथम लक्षात आला आणि बुरशीला हे नाव १९९१ साली मिळाले. मेरीलँडमधल्या कॅटॉक्टिन डोंगरातली बहुतेक डॉगवुड त्याने दहा-बारा वर्षांत मारली. त्यात पानांवर जांभळ्या कडेचे मोठे तपकिरी डाग पडतात, मेलेली पाने हिवाळ्यातही फांदीला लटकून राहतात, वाळणे खालून वर चढते आणि खोडावर कोवळे फुटवे येतात. आपल्या खालच्या फांद्या वाळल्या आहेत, त्यामुळे शंकेला जागा आहे. मात्र दाट सावलीतही खालच्या फांद्या मरतात, म्हणून तपासणी हवीच.

कौसा रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाही हे खरे आहे. पण ते पूर्व आशियातले झाड आहे, पाने आल्यानंतर उशिरा फुलते आणि त्याचे फळ इथल्या बहुतेक पक्ष्यांना सहज गिळता येणार नाही एवढे मोठे असते. स्थानिक डॉगवुडची लहान, स्निग्धांशाने भरलेली फळे स्थलांतराच्या काळात पक्ष्यांच्या कामी येतात. शिवाय त्याच्या पानांत कॅल्शियम भरपूर असते आणि ती लवकर कुजून जंगलाच्या मातीला ते परत देतात. फक्त पांढरेपणा जुळला म्हणून एकाच्या जागी दुसरे लावणे मला मान्य नाही, आणि आमच्या समितीलाही मी हेच लेखी कळवले होते.

सध्या कोरड्या हवेत मेलेल्या फांद्या छाटा, गळलेली पाने उचलून टाका, वरची सावली थोडी विरळ करा. पाणी मुळाशी द्या, पानांवर नको. पालापाचोळ्याचे आच्छादन खोडापासून दूर ठेवा आणि गवत कापण्याचे यंत्र खोडाला लागू देऊ नका, कारण जखमेतून खोडकिडा शिरतो. नत्रयुक्त खताचा मारा टाळा. नवे झाड लावायचेच असेल तर ‘अपालाचियन स्प्रिंग’ मागा. कॅटॉक्टिनमध्ये जगलेल्या झाडापासून टेनेसी विद्यापीठाने ही जात तयार केली. तिला भुरीचा त्रास होतो, हे मात्र लक्षात ठेवा.

अर्ध्याहून अधिक झाड वाळले असेल आणि खोडावर खोल व्रण पडले असतील, तर मात्र बुरशीनाशकावर पैसे घालवू नका. तेव्हा ठेकेदाराचा तोडण्याचा सल्ला योग्य ठरेल, कौसाचा तरीही नाही.