आईची सही झाली म्हणून पोराला विचारायचं राहू नये

तुम्ही विचारलंय की एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासाच्या, डिसर्टेशनसाठी (प्रबंधासाठी) मिरजेत कॅन्सरचे उपचार घेणाऱ्या १४ ते १९ वयाच्या मुलांच्या मुलाखती घ्यायच्यात, तर आईवडिलांची सही घेतली की भागतं का. नाही भागत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या गाइडलाइन्सप्रमाणे १८ च्या आतल्यांसाठी पालकांची संमती लागतेच, पण तुमच्या वयोगटात मुलाचा स्वतःचा लेखी होकारही लागतो. १८ पूर्ण झालेला स्वतःच सही करतो. आणि एथिक्स कमिटीची, म्हणजे अभ्यासात माणसांना त्रास होणार नाही ना हे तपासणाऱ्या समितीची, मंजुरी आल्याशिवाय एकही मुलाखत नाही.

पण खरी अडचण कागदाची नाहीच. आपल्याकडं कितीतरी घरांत पोराला आजाराचं नावच सांगितलेलं नसतं, गाठ आहे, औषधानं जाईल, एवढंच. आणि तुमच्या फॉर्मच्या पहिल्याच ओळीत 'कॅन्सरग्रस्त किशोरवयीन' असं छापलेलं असणार, तो फॉर्म त्याच्या हातात पडला की झालं. त्यामुळं आधी पालकांना बाजूला घेऊन विचारा त्याला काय माहितीय, आणि माहीत नसेल तर त्याला अभ्यासात घेऊच नका, मुलाखती कमी भरल्या तरी चालेल. घरच्यांनी सांगायला हवं होतं असं मलाही वाटतं, पण ते काम त्यांचं आणि डॉक्टरांचं, रेकॉर्डर घेऊन आलेल्या परक्या माणसाचं नव्हे.

मुलाखत देणार का हे विचारायला डॉक्टर किंवा सिस्टरना लावू नका. जत, आटपाडीकडनं आलेली माणसं, उपचार सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतनं फुकट चाललेले, त्यांना वाटतं नाही म्हटलं तर योजनाच बंद होईल, मग ती लगेच हो म्हणतात. 'नाही म्हणालात तरी उपचार आहेत तसेच चालणार' हे तुम्ही स्वतः सांगा, मुलासमोर सांगा आणि घाई न करता विचार करू द्या.

मुलं तोंडानं नाही म्हणत नाहीत हो. वॉर्डात मी बघितलंय, आई स्टुलावर बसून सगळी उत्तरं देत असते आणि पोरगं चादरीचा दोरा ओढत भिंतीकडं तोंड करून पडलेलं असतं. हा नकारच आहे, तिथं रेकॉर्डर बंद करायचा, का म्हणून विचारायचंसुद्धा नाही. केमोनंतर तोंड येतं, बोलताना झोंबतं, त्या दिवसांत जाऊच नका. आणि तुमच्या मुलाखतीपायी कुणाची गावाकडची एसटी चुकता कामा नये.

मरणाचा विषय काढू का, असंही विचारलंय. आपण नाही काढायचा, त्यानं काढला तर मात्र टाळायचा नाही, शांतपणे ऐकायचं. त्याला नंतर त्रास झाला तर कुठल्या काउन्सेलरकडं पाठवायचं हे आधीच ठरवून ठेवा. 'कुणालाच सांगणार नाही' असा शब्द मात्र देऊ नका, कारण लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवावंच लागतं, आणि हे मुलाखत सुरू व्हायच्या आधी त्याला सांगा.

लिहिताना नुसतं नाव बदलून उपयोग नाही. हाडाच्या कॅन्सरनं पाय काढलेली अकरावीतली मुलगी, अमुक तालुका, एवढं वाचलं की अख्खं गाव ओळखतं. तालुका आणि इयत्ता दोन्ही गाळा.