इम्पेलर इंजिनाच्या नावावर घेऊ नका

चौघं जण, ३० फुटी शिडाची बोट, मुंबई ते कोची, आणि जमेल तेवढं सामान नागपूरहूनच न्यायचं. तुमची यादी वाचली. शिध्याला दोन पानं आहेत आणि इंजिनापुढे फक्त 'इम्पेलर, १', म्हणजे इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक. माझे सगळ्यात जास्त पैसे आणि दिवस याच ओळीत गेले, म्हणून आधी तेच. (इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेलं डिझेल इंजिन धरून लिहितोय. बाहेर मागे टांगलेलं आउटबोर्ड असेल तर मापं वेगळी.)

एकाच मॉडेलच्या इंजिनावर समुद्राचं पाणी ओढणारे पंप वेगवेगळे असू शकतात. म्हणून नंबर पंपावरचा घ्या. तो झिजला असेल तर जुना इम्पेलर काढून व्यास, रुंदी आणि शाफ्टचं भोक व्हर्नियरने मोजा, पाती मोजा, भोकाला एकच खाच आहे की दाते ते बघा. 'दिसायला तोच आहे' म्हणून दुकानदाराने दिलेला इम्पेलर मला बसला नाही, आणि त्याने तो बदलूनही दिला नाही. नग २ घ्या, झाकणाचे गॅस्केट ४. एक इम्पेलर धक्क्यावरच बसवून बघा: सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा बोटीच्या तळाचा व्हॉल्व्ह) बंद, झाकण उघडा, ग्लिसरीन लावा, इम्पेलर पंप फिरतो त्या दिशेने फिरवत आत सरकवा, म्हणजे पाती मागे झुकतात. सी-कॉक उघडायला विसरू नका, कोरडा इम्पेलर फार लवकर जळतो. मग एक्झॉस्टमधून पाणी येतंय का बघा. जुन्याची पाती तुटलेली असतील तर तुकडे जुळवून मोजा. राहिलेला तुकडा हीट एक्स्चेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने इंजिनाची उष्णता काढणाऱ्या भागाच्या) तोंडाशी अडकतो आणि नव्या इम्पेलरवरही इंजिन तापतं.

डिझेल फिल्टर वॉशरसकट ठेवा, पहिल्या टप्प्याचे ४, दुसऱ्याचे २. बदलल्यावर लाइनमधली हवा काढायची सवयही धक्क्यावरच करा.

पाने, हॅकसॉची पाती नागपूरच्या लोहा ओळीतून (लोखंडी सामानाच्या बाजारातून) खुशाल घ्या. नट-बोल्ट आणि होज क्लिप मात्र ३१६ स्टेनलेस स्टीलच्याच (खाऱ्या पाण्यात ते ३०४ पेक्षा जास्त टिकतं), आणि ३०४ की ३१६ हे चुंबकाने कळत नाही. क्लिपचा स्क्रू साधा असेल तर तो तेवढा चुंबकाला चिकटतो.

पाणी: माणशी रोज ४ लिटर, चौघांचे १० दिवस म्हणजे १६०, वर निम्मं राखीव. दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. पुठ्ठ्याची खोकी बोटीवर चढवू नका, त्यात झुरळांची अंडी येतात. नागपूरच्या कळमना बाजारातून संत्री नेणार असाल तर घट्ट सालीची, देठासकट निवडा आणि जाळीत टांगा. गॅस सिलिंडर आणि फ्लेअर (संकटात इशारा देणाऱ्या मशाली) रेल्वेत चालत नाहीत, ते मुंबईतच घ्या, फ्लेअरवरची मुदत वाचून.