इकॉनॉमिक्सला जाऊन मुलगी शिकणार काय?

निफाड तालुक्यातल्या एका कांदा उत्पादक वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित पक्कं आहे, पण इंजिनिअरिंग नको, इकॉनॉमिक्सच करायचं म्हणते. ते विचारतात, "सायन्स करून आर्ट्सला जायचं? पेपर वाचून कळतं तेच तीन वर्षं शिकवणार ना?"

नमस्कार.

काही कॉलेजांपुरती तुमची शंका खरी आहे, त्याबद्दल शेवटी लिहितो. आधी विषय बघू.

पहिल्या वर्षी मागणीची लवचिकता शिकवतात, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते ते. समजा, एका वर्षी तुमचा १०० क्विंटल कांदा दोन हजारांनी गेला, म्हणजे दोन लाख झाले. पुढच्या वर्षी सगळ्यांचंच पीक जोरात. तुमचा १२० क्विंटल निघाला, पण भाव १,४०० वर आला. हातात १ लाख ६८ हजार. माल वाढला आणि पैसा घटला. हे तुम्ही भोगलं असेल. कांदा स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट भाजी करत नाही, हे त्यामागचं कारण. ही लवचिकता आकड्यात मोजायला तुमची मुलगी शिकेल आणि तिथे बारावीच्या गणितातलं डेरिव्हेटिव्हच कामाला येईल.

मग राष्ट्रीय उत्पन्न, बँका, रेपो दर, महागाई, सरकारी खर्च, परदेशी व्यापार. पेपरात रोज येतं ते इथे, फक्त हिशोबासकट.

माझ्या मते पदवीचा खरा कस इकॉनोमेट्रिक्समध्ये, म्हणजे आकड्यांवरून आर्थिक कारणं तपासण्यात लागतो. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांदा निर्यातबंदी केली आणि भाव कोसळले. बंदीमुळेच कोसळले, असं आपण म्हणतो. पण त्याच सुमारास लाल कांद्याची आवकही वाढत असते. मग घसरणीतला किती वाटा बंदीचा आणि किती आवकेचा? पारावर यावर भांडण होईल. वर्गात आधीच्या वर्षांचे भाव आणि आवक घेऊन दोन्ही वेगळे काढायचा प्रयत्न करतात, आणि उत्तरात चूक किती असू शकते तेही सांगावं लागतं.

शेअर बाजाराच्या टिप्स, टॅली, जीएसटी रिटर्न यातलं काही शिकवत नाहीत. ते कॉमर्सवाल्यांचं काम.

(आपल्याकडे या विषयाचा शेतीशी जुना घरोबा आहे. १९३० साली पुण्यात गोखले संस्था निघाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ हे प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचेही पहिले अध्यक्ष.)

आता कॉलेजांचं. पदवीचं नाव एकच असलं तरी आत दोन वेगळे कोर्स असतात. एकात गणित जेमतेम, व्याख्या पाठ करायच्या आणि गाइडवर पास व्हायचं. दुसऱ्यात गणित, संख्याशास्त्र आणि इकॉनोमेट्रिक्स सक्तीचं. बीए की बीएस्सी यावर अडू नका. अभ्यासक्रम मागवा, हे तीन पेपर शोधा आणि कॉम्प्युटरवर डेटा हाताळायला देतात का ते विचारा. दिल्ली विद्यापीठात बीए ऑनर्स इकॉनॉमिक्ससाठी सीयूईटी या प्रवेश परीक्षेत गणित द्यावंच लागतं. म्हणजे सायन्स वाया जात नाही.

नोकरीचंही स्पष्ट लिहितो. नुसत्या पदवीवर 'अर्थतज्ज्ञ' म्हणून कोणी घेत नाही. केंद्र सरकारच्या अर्थतज्ज्ञांची सेवा असलेल्या इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसची परीक्षा द्यायलासुद्धा पदव्युत्तर पदवी लागते. पदवीनंतर बँका आणि डेटा ॲनालिसिसची कामं मिळू शकतात, पण तुम्ही पाच वर्षांच्या खर्चाची तयारी ठेवलेली बरी.

निर्णयाआधी एक करा. ॲगमार्कनेट या सरकारी वेबसाइटवर लासलगावचे रोजचे भाव आणि आवक मिळते. मुलीला तीन महिन्यांचे आकडे एक्सेलमध्ये उतरवून आलेख काढायला सांगा. शेजारी बसा आणि एखाद्या दिवशी भाव अचानक का पडला ते तिला विचारा. तुमचं उत्तर लगेच सांगू नका. ती कंटाळली तर मला पुन्हा लिहा. रात्री जेवायला दोनदा हाक मारावी लागली, तर कॉलेजं शोधायला लागा.