विंचवाचं बिऱ्हाड आणि गोगलगायीचा गोंधळ

प्रश्न असा आलाय की 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण मुळातच चुकलेली आहे का, कारण पाठीवर घर घेऊन फिरते ती गोगलगाय, विंचवाला कुठलं आलंय घर, मग मूळ म्हण गोगलगायीची असणार आणि नंतर कोणीतरी त्यात विंचू घुसडला असणार.

नाही हो. म्हण शंभर टक्के बरोबर आहे. चुकलाय तो बिऱ्हाड या शब्दाचा अर्थ, आणि हल्ली तो सगळीकडेच चुकतोय. बिऱ्हाड म्हणजे घराच्या भिंती नव्हेत. 'खालचं बिऱ्हाड गावाला गेलंय' असं आपण म्हणतो तेव्हा जातात ती माणसं, खोल्या जागच्या जागीच असतात ना? 'वाड्यात सात बिऱ्हाडं होती' म्हणजे सात कुटुंबं, आणि तीही भाड्याने राहणारी, मालकाचं ते बिऱ्हाड नाही. सॅक अडकवून एकट्याने हिमालयात फिरणाऱ्या पोरांच्या फोटोखाली 'विंचवाचं बिऱ्हाड' लिहितात ते तर मला अजिबात सहन होत नाही. माझ्या मते नुसतं सामान म्हणजे बिऱ्हाड नाही, बायकापोरं सोबत पाहिजेत. बीडकडचे ऊसतोड कामगार दरवर्षी जोडीने, लेकरं घेऊन कारखान्यांकडे जातात, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी असाच तिकडे हिशोब असतो, त्यांना ही म्हण लावली तर ती नेमकी बसते.

आता विंचू बघा. विंचवाची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, आणि जन्मली की ती पांढरी मऊ पिल्लं एकेक करून आईच्या पाठीवर चढतात. दगड उचलल्यावर अशी मादी ज्याने एकदा बघितलीय त्याला म्हण समजावून सांगावी लागत नाही. पाठीवर असेपर्यंत पिल्लं काही खात नाहीत, अंगातल्या शिल्लक पिवळ्या बलकावर जगतात, पहिली कात टाकली की कवच जरा टणक होतं आणि मग साधारण आठपंधरा दिवसांत ज्याची त्याची वाट वेगळी. म्हणजे पाठीवर कुटुंब आहे आणि मुक्काम तात्पुरता आहे, बिऱ्हाडाच्या दोन्ही अटी पूर्ण. (पिल्लं आईला खाऊन टाकतात ही ऐकीव गोष्ट विंचवाला लावू नका. तसं खरोखर करतात ते कळपाने राहणारे एका जातीचे कोळी, कोरड्या माळावर काटेरी झुडपांत त्यांची मळकट जाळी दिसतात, तिथली पिल्लं आईलाच खाऊन मोठी होतात. आणि विंचू, कोळी हे कीटक नाहीत, आठ पाय असतात त्यांना, हेही एकदा नीट लक्षात ठेवा.)

पण खरी मजा शब्दात आहे. बिऱ्हाडाचं जुनं रूप बिढार. महानुभाव पंथाच्या जुन्या गद्यात हे सारखं भेटतं, चक्रधरस्वामी गावोगाव फिरतायत, देवळात मठात जिथे उतरले ती जागा म्हणजे बिढार. पुढे ड आणि र यांनी जागा बदलल्या, ढ मधला ह र ला चिकटला, बिढारचं बिऱ्हाड झालं. आणि हे बिढार आलं कन्नड 'बिडार' वरून, अर्थ तोच, उतरायची जागा, मुक्काम. शिमोग्याजवळ सक्रेबैलला हत्तींचा कॅम्प आहे, त्याला कन्नडमध्ये आजही 'आने बिडार' म्हणतात, म्हणजे चक्क हत्तींचं बिऱ्हाड! याच्या मुळाशी क्रियापदाचा धातू आहे 'बिडु', सोडणे. त्यातूनच 'बीडु', छावणी किंवा राजधानी, म्हणून कर्नाटकातलं हळेबीडु म्हणजे जुनी छावणी, होयसळ राजांची जुनी राजधानी. तेलुगूत वऱ्हाड उतरवतात त्या जागेला 'विडिदी' म्हणतात. तमिळमध्ये 'वीडु' म्हणजे घर आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ मोक्ष! घर आणि मोक्ष दोन्ही एकाच 'सोडण्या'तून निघालेत, हे मला पहिल्यांदा कळलं त्या रात्री झोप लागली नव्हती.

सोडण्यातून मुक्काम कसा निघाला हे मराठी माणसाला तर लगेच कळायला हवं. आपण 'औत सोडलं' म्हणतो म्हणजे काम थांबवलं, 'गाडी सोडली' म्हणजे बैल जुवाखालून मोकळे केले. जिथे बैल सोडले तिथे त्या रात्रीचं बिऱ्हाड. म्हणूनच गोगलगायीला हा शब्द लागूच होत नाही, तिचा शंख तिच्या अंगाचाच भाग आहे, तिला तो कधी सोडता येत नाही आणि शंखातून बाहेर काढलेली गोगलगाय जगत नाही.

माझं स्वतःचं मत असं की हा शब्द आपल्याकडे सैन्याच्या तळांबरोबर आला. कल्याणीच्या चालुक्यांच्या कन्नड शिलालेखांत राजाच्या मुक्कामाला, राजधानीला 'नेलेवीडु' म्हणतात (त्यातला वीडु म्हणजे तोच बीडु), ती कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आणि त्यांचं राज्य महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर होतं. राजा हलला की दरबार, बायकापोरं, बैल, तंबू सगळं हलणार, मग त्या सगळ्या लवाजम्यासाठीचा शब्द इथल्या लोकांच्या तोंडी बसला नसता तरच नवल. बिऱ्हाड शब्दात जागा आणि माणसं असे दोन्ही अर्थ एकत्र का आहेत याचं उत्तर मला तरी इथेच दिसतं.

संस्कृताशिवाय काही सुचतच नाही अशी मंडळी बिऱ्हाड 'विहार' वरून काढतात, आणि छातीठोकपणे काढतात. ह आणि र जुळतात एवढाच काय तो आधार. ब तर कन्नडकडेच बोट दाखवतो, तमिळ 'वा' म्हणजे ये, कन्नडात त्याचं 'बा', तसंच वीडुचं बीडु. आणि विहारात ट-वर्गातलं एकही अक्षर नाही, मग हा ड आला कुठून ते त्यांनी आधी सांगावं, बाकीचं नंतर बोलू.