वाचकांचे प्रश्न : उन्हावर इ-सायकल चार्ज करताना

प्रश्न : माझ्या इ-सायकलची बॅटरी ३६ व्होल्ट, १० एएच (अँपिअर-तास) आहे. शेडवर १०० वॉटच्या, ‘१२ व्होल्ट’वाल्या दोन सोलर प्लेटा पडून आहेत. त्या सिरीजमध्ये जोडून थेट बॅटरीला लावल्या तर चालेल का? मेकॅनिक म्हणतो, बॅटरीत बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून गरज पडली तर चार्जिंग तोडणारे सर्किट) असतो, काही होत नाही.
— एक वाचक, बार्शी

उत्तर : थेट लावू नका. ‘१२ व्होल्ट’ हे प्लेटचे नुसते नाव आहे. मागचे लेबल वाचा : काम करताना सुमारे १८ व्होल्ट आणि तारा मोकळ्या असताना सुमारे २२. दोन सिरीजमध्ये, म्हणजे एकीपुढे एक, जोडल्या की दोघींचा दाब जमतो : मोकळा दाब ४४ व्होल्ट. तुमच्या बॅटरीत लिथियम-आयन सेलचे दहा गट एकापुढे एक आहेत. प्रत्येक गट ४.२ व्होल्टला भरतो, म्हणजे बॅटरी ४२.० व्होल्टला पूर्ण भरते. त्यापुढे रेटले तर सेलच्या ऋण बाजूवर लिथियम धातूचा थर बसू लागतो. मग सेल फुगतो, तापतो आणि पेटूही शकतो.

गंमत म्हणजे भर दुपारी हीच जोडणी बॅटरी भरत नाही. तापून ६५ अंशांवर गेलेल्या प्लेटचा दाब साधारण १२ टक्क्यांनी उतरतो. ४४ चे ३८-३९ व्होल्ट होतात आणि बॅटरी अर्ध्याच्या थोडी वर जाऊन थांबते. पण थंडीतल्या स्वच्छ सकाळी किंवा सर पडून गेल्यावर ऊन आले की तोच दाब पुन्हा ४४ वर. कुठे थांबायचे हे हवामान ठरवणार असेल तर ते चार्जिंग नव्हे.

बीएमएस प्रत्येक गटाला साधारण ४.२५ ते ४.२८ व्होल्टला तोडतो, हे खरे. पण तो शेवटचा बचाव आहे. रोज त्याच्यावरच भिस्त ठेवली आणि एखाद्या दिवशी त्यातला मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट होऊन बसला, तर पुढे अडवणारे काहीच उरत नाही.

मधे बूस्ट प्रकारचा एमपीपीटी (प्लेटमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) कंट्रोलर लागतो : कमी दाबाची प्लेट घेऊन जास्त दाबाची बॅटरी भरणारा, आणि शेवटचा दाब आपल्याला ठरवता येणारा. यात एक चूक फार होते. बूस्ट कंट्रोलर दाब फक्त चढवतो, उतरवू शकत नाही. आत येणारा दाब बॅटरीपेक्षा जास्त झाला की करंट कॉइल आणि डायोडमधून सरळ पुढे जातो आणि सेटिंगला अर्थ राहत नाही. म्हणून दोन प्लेटा सिरीजमध्ये नकोत. लावायच्याच तर पॅरललमध्ये (पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, निगेटिव्हला निगेटिव्ह), आणि त्याही जुळ्या असाव्यात. खरे तर तुम्हाला एकच पुरे. १०० वॉटची प्लेट उन्हात प्रत्यक्ष ७५ वॉटच्या आसपास देते. कंट्रोलरमधली घट जाता बॅटरीला १.८ अँपिअर मिळतात, म्हणजे सोबत मिळालेल्या २ अँपिअरच्या चार्जरइतकेच. बॅटरी ३६ × १० = ३६० वॉट-तासांची. स्वच्छ दिवसाच्या उन्हात ती रिकामीपासून जवळजवळ भरते.

जोडण्याआधी मूळ चार्जरचे लेबल पाहा. ‘४२ व्होल्ट’ लिहिले असेल तरच पुढचे आकडे तुमच्यासाठी. कंट्रोलरचा शेवटचा दाब ४१.० ठेवा. सुमारे दहा टक्के क्षमता कमी मिळेल, पण बॅटरी जास्त वर्षे टिकेल. करंटची मर्यादा २ अँपिअर. पिनमध्ये पॉझिटिव्ह आत की बाहेर, हे मूळ चार्जरची पिन मल्टिमीटरने मोजून ठरवा, अंदाजाने नाही. पॉझिटिव्ह तारेत बॅटरीजवळ ५ अँपिअरचा फ्यूज घाला. आधी बॅटरी जोडायची, मग प्लेट. काढताना आधी प्लेट, मग बॅटरी. उलट केले तर बहुतेक कंट्रोलर बॅटरीचा दाब ओळखण्यात चुकतात आणि काही जळतात. प्लेट ते कंट्रोलर अंतर दहा मीटर असेल तर ४ चौरस मिलिमीटरची तार घ्या. २.५ च्या तारेत १८ पैकी जवळजवळ ०.८ व्होल्ट वाटेतच जातात. पहिल्या वेळी शेवटपर्यंत जवळ थांबा, मीटर लावून दाब ४१.० च्या वर जात नाही ना ते पाहा. करंट ०.२ अँपिअरच्या खाली आला की काढून ठेवा.

प्रश्न : माझी बॅटरी ४८ व्होल्टची आहे. सोलर कंट्रोलरवर १२/२४/४८ असे पर्याय आहेत. ४८ वर ठेवले तर झाले ना?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : नाही, आणि हीच चूक सर्वांत महागात पडते. तो ४८ लेड-ॲसिडचा आहे : २४ सेल, प्रत्येकी २.४ व्होल्ट, म्हणजे ५७.६ व्होल्टपर्यंत चार्ज. सायकलच्या ४८ व्होल्टच्या लिथियम-आयन बॅटरीत बहुधा १३ गट असतात आणि त्यांची हद्द ५४.६ आहे. कंट्रोलरमध्ये ‘इक्वलाइझ’ (लेड-ॲसिड बॅटरीला अधूनमधून मुद्दाम जास्त दाब देण्याची सोय) चालू असेल तर तो ५७.६ च्याही वर जातो. दाब हवा तो आकडा भरून ठरवता येत नसेल, तर तो कंट्रोलर या कामाचा नाही.

प्रश्न : घरच्या सोलर इन्व्हर्टरवर (१५० एएच ट्यूब्युलर बॅटरी) सायकलचा चार्जर लावला की तो घूं घूं आवाज करतो आणि एरवीपेक्षा जास्त तापतो. बॅटरीला धोका आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे विजेची चौकोनी लहर देणारा, असावा. सायकलच्या बॅटरीला सहसा काही होत नाही. झिजतात ते चार्जरचे कपॅसिटर. प्युअर साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) ३०० वॉटचा छोटा इन्व्हर्टरही ८४ वॉटच्या चार्जरला भरपूर आहे. आवाजाबरोबर जळका वास आला तर चार्जर लगेच काढा.

या मार्गाचा मोठा फायदा असा की ४२ व्होल्टला थांबण्याचे काम मूळ चार्जरच करतो. नवख्या माणसाला आम्ही हाच मार्ग सुचवू. मात्र वीज वाटेत बरीच गळते. ३६० वॉट-तास भरायला चार्जरला सुमारे ४१० लागतात, इन्व्हर्टरला ४८०, आणि ती वीज ट्यूब्युलर बॅटरीत साठवून काढली तर ६०० च्या घरात. म्हणून सायकल सकाळी अकरा ते चारमध्ये लावा, प्लेटची वीज सरळ वापरली जाईल. रात्री लावली तर १८०० वॉट-तासांच्या त्या बॅटरीतले चौथ्या हिश्श्याहून जास्त सायकलच खाईल, आणि लाईट गेल्यावर पंखा लवकर थांबेल.

प्रश्न : मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये चार्ज करतो. कधी कधी चार्जिंग मधेच बंद पडते. कंट्रोलर खराब आहे का?
— एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : कंट्रोलर बदलण्याआधी बॅटरीला हात लावून पाहा. लिथियम-आयन बॅटरी साधारण ० ते ४५ अंशांतच चार्ज करायची असते. चंद्रपूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली हवाच त्याहून गरम असते, त्यामुळे तापमान मोजणारा बीएमएस चार्जिंग तोडतो. तो बरोबरच करतो. प्लेट उन्हात, पण बॅटरी घरात, फरशीवर ठेवा आणि तार आत आणा. सायकल चालवून आल्यावर अर्धा-पाऊण तास बॅटरी निवू द्या. शेड सोडून दुसरी जागाच नसेल तर ऊन कोवळे असताना, सकाळी साडेसात ते साडेदहा, जेवढे होईल तेवढे भरा. अर्धवट चार्ज केल्याने लिथियम बॅटरीचे नुकसान होत नाही.

प्रश्न : कॅरिअरवर २० वॉटची प्लेट बसवली तर सायकल चालता चालता चार्ज होईल का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : होईल, पण किती ते पाहा. आडवी ठेवलेली २० वॉटची प्लेट दिवसभर उघड्या उन्हात ७०-८० वॉट-तास देते. पॅडल मारत चाललात तर किलोमीटरला १० ते १५ वॉट-तास लागतात, म्हणजे दिवसाचे पाच-सात किलोमीटर. माडाच्या सावलीतून जाणाऱ्या रस्त्यावर तेही नाही, कारण प्लेटच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी उत्पादन अर्ध्यावर येऊ शकते. शिवाय कॅरिअरवरच्या हादऱ्यांनी सेल तडकतात. प्लेट घराच्या छपरावर दक्षिणेकडे १५ ते २० अंश कलती बसवा. जून ते सप्टेंबर मात्र घरच्या विजेवर चार्ज करा. दाट ढगात प्लेट १० ते २५ टक्केच देते.

प्रश्न : छतावर ३ किलोवॉटचे ऑन-ग्रिड (वीज कंपनीच्या लाइनला जोडलेले) सोलर आहे. भर उन्हातही लाईट गेली की सायकलचे चार्जिंग बंद पडते. असे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ऑन-ग्रिड इन्व्हर्टर ग्रिड गेली की स्वतःहून बंद होतो. ही सोय काढायची नसते. बॅटरीसह हायब्रिड (ग्रिड आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) इन्व्हर्टर बसवला तर लाईट नसताना चार्जिंग चालू राहील.