बी-प्लॅनची, म्हणजे व्यवसाय आराखड्याची, स्पर्धा जिंकलास, आता तुर्भ्याला जा

बक्षीस मिळालं, छान झालं. पण परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या म्हणजे गिऱ्हाईक पैसे देईलच असं नाही. कॉलेजच्या उद्योजकता कोर्समधला हिशेबाचा भाग तेवढा नीट शिकून घे. सादरीकरणाच्या स्लाइडा मला विचारशील तर दुय्यम.

सुकामेव्याचे लाडू विकायचेत ना? मग एका शनिवारी नवी मुंबईत तुर्भ्याच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, मसाला मार्केटमध्ये जा. पाच गाळ्यांवर खजूर आणि बदामाचा भाव विचार, पाच किलोचा वेगळा, पन्नास किलोचा वेगळा. टेम्पोभाडं, तूट, डबा, लेबल, तुझी स्वतःची मजुरी सगळं धर. मजुरी सगळेच विसरतात. मीही विसरलो होतो, रबाळ्याच्या गाळ्यात दीड वर्ष फुकट राबलो!

मग तीस डबे कर आणि अनोळखी माणसांना पूर्ण भावात विक. आत्या, मावशी धरायच्या नाहीत. पंधरा दिवसांनी परत कोण मागतं ते वहीत लिही.

कागदपत्रांचा बाऊ नको. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते, तिचे दोन हजार मागणाऱ्या एजंटाला नमस्कार करून निघ. मालाच्या विक्रीवर जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला 40 लाखांची उलाढाल आहे, तू अजून लांब आहेस. खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी मात्र पहिल्या डब्याआधी हवी.

आणि टीवाय, म्हणजे पदवीचं शेवटचं वर्ष, सोडू नकोस. निदान या परीक्षेपर्यंत तरी. वही भरली की घेऊन ये, चहा माझ्याकडून.